कमी पाडलेलं नाणं महाग होतंच का?

एखादी वस्तू मुळातच मोजकी काढली की पुढे तिचा भाव वाढणारच, ही समजूत नाणी जमवणाऱ्यांत पुरती मुरलेली आहे. या समजुतीवर गंभीर मतभेद आहेत, हे मात्र अनेकांच्या कानावरही नसतं. टांकसाळीने किती नाणी पाडावीत, आकडा आधी जाहीर करावा की नाही, व्यापाऱ्याने पेटीच्या पेटी उचलणं हा बाजार की साठेबाजी, आणि हौशी माणूस जो भाव ऐकतो त्यात खरा किती असतो, हे ते मुद्दे. या लेखात त्यांचा आढावा घ्यायचा आहे.

नाण्यांच्या बाजाराबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत किंवा लिलावाच्या दालनात बसून लिहिलेलं असतं. इथे पाहण्याची जागा मुद्दाम दुसरी घेतली आहे: सुरतचं लिंबायत. महापालिकेच्या कागदावर हा एक झोन आणि विधानसभेचा एक मतदारसंघ. प्रत्यक्षात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मागांवर आणि डाइंग मिलमध्ये कामाला आलेल्या खानदेशी कुटुंबांची ही दाट वस्ती आहे, शेजाराला ओडिया, उत्तर प्रदेशी, बिहारी. लिलावाला इथून फारसं कुणी जात नाही. पण बाजाराची खालची बाजू इथे नीट दिसते. सुट्ट्या पैशांतून वेचलेलं नाणं, देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया आणि मोबाइलवर आलेला ‘हे नाणं असेल तर दहा लाख’ असा निरोप, तिन्ही इथे एकाच घरात सापडतात.

टोकनापासून सुरुवात

मर्यादित पुरवठ्याचा प्रश्न सगळ्यांत स्वच्छ रूपात दिसतो तो अमेरिकेतल्या कॅसिनोंच्या टोकनांत. सुरतेत कॅसिनो नाही आणि १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा गुजरातेत लागू असेपर्यंत होण्याचीही शक्यता नाही. म्हणून ती गोष्ट थोडक्यात.

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत नेव्हाडातल्या यंत्रांत खरे चांदीचे डॉलर चालत. चांदी महागली, लोकांनी डॉलर घरात ठेवायला सुरुवात केली, १९६४ मध्ये सरकारी तिजोरीने ते देणं थांबवलं आणि कॅसिनोंना स्वतःची टोकनं पाडून घ्यावी लागली. फ्रँकलिन मिंट या खासगी टांकसाळीचा धंदा त्यातूनच वाढला. पुढे १९९२ मध्ये लास व्हेगासच्या फोर क्वीन्समध्ये एक नवी कल्पना आली: मधोमध शुद्ध चांदी, कडेला पितळेची रिंग, दर्शनी किंमत १० डॉलर, आणि ठरावीक यंत्रावर ठरावीक जोडणी लागली तरच हातात पडणारं टोकन. ते खिडकीवर दिलं की १० डॉलर परत मिळत. पण आतली चांदी त्या काळी १० डॉलरच्या बरीच खाली होती, त्यामुळे खेळणाऱ्याने टोकन घरी नेलं की मधला फरक कॅसिनोच्या पदरात पडे. साहजिकच चित्रं बदलत राहिली, मालिका निघत राहिल्या. २००० नंतर यंत्रांतून नाण्यांऐवजी कागदी तिकिटं येऊ लागली आणि टोकनांचा पुरवठा जवळपास थांबला.

रूढ समजुतीप्रमाणे यानंतर भाव चढायला हवे होते. काहींचे चढले. ज्या टोकनांच्या पेट्याच्या पेट्या लोकांनी पुढे विकता येतील म्हणून जपल्या होत्या, ती आजही आतल्या चांदीच्या भावाच्या आसपास घुटमळतात. पुरवठा बंद झाला म्हणून मागणी आपोआप जन्माला आली नाही. भारतातल्या वादाची गाठही नेमकी हीच आहे.

आपल्याकडची वाट

स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, जवाहरलाल नेहरूंच्या निधनानंतर काढलेलं, एक रुपया आणि पन्नास पैसे अशा दोन किमतींत. ते चलनात भरपूर आलं आणि आजही जुन्या डब्यात सापडतं. १९६९ मध्ये गांधीजन्मशताब्दीला २० पैसे, ५० पैसे आणि एक रुपया यांच्याबरोबर १० रुपयांचं चांदीचं नाणं निघालं: १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी. खर्च करायचं नाणं आणि जपायचं नाणं यांच्या वाटा इथे वेगळ्या व्हायला लागल्या. संग्राहकांसाठी चकचकीत प्रूफ सेट विकण्याची पद्धतही याच सुमाराला रुळली. सत्तरच्या दशकात अन्नधान्य, कुटुंबनियोजन, महिला वर्ष अशा विषयांवर १०, २०, ५० रुपयांची नाणी आली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला १०० रुपयांचं.

त्यानंतर आकड्यांना धरबंध राहिला नाही. रिझर्व्ह बँकेच्या पंचाहत्तरीला २०१० मध्ये ७५ रुपये, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीला १००० रुपये, रवींद्रनाथांच्या दीडशेव्या जयंतीला १५० रुपये, आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीला १२५ रुपये, २०२३ मध्ये नव्या संसद भवनासाठी पुन्हा ७५ रुपये. किती वर्षं झाली तीच नाण्याची किंमत, असा हा सरळ हिशोब. किराणा दुकानात ७५ रुपयांचं नाणं पुढे केलं तर दुकानदार आधी त्याच्याकडे बघेल, मग आपल्याकडे. २०११ च्या नाणे कायद्यानुसार ते वैध आहे, पण ते खर्च करण्यासाठी पाडलेलंच नाही. दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून ते घेतलेलं असतं. त्या अर्थाने ते कॅसिनोच्या टोकनाचं सरकारी भावंड आहे, आणि दोन्हीकडे पाडणाऱ्याचा फायदा घेणाऱ्याने ते घरी ठेवण्यातच असतो.

मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळी २००६ पासून सरकारच्याच एका महामंडळाखाली आहेत. मुंबईच्या नाण्यावर वर्षाखाली छोटी चौकट, हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर गोल ठिपका, कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नाही. मधल्या काळात परदेशातही नाणी पाडून घेतली गेली: कोरिया, दक्षिण आफ्रिका, स्लोव्हाकिया. या बारीक खुणांमुळे एकाच वर्षाच्या दोन रुपयांच्या दोन नाण्यांत एक दोन रुपयांचं राहतं आणि दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळतं.

पुरवठा म्हणजे नेमका कोणता आकडा

पुरवठा म्हणजे टांकसाळीने पाडलेली संख्या, असं धरूनच बहुतेक चर्चा होतात आणि पहिली गफलत तिथेच होते. निदान तीन आकडे वेगळे धरायला हवेत: पाडलेली नाणी, उरलेली नाणी आणि विकायला असलेली नाणी. भाव ठरतो तो तिसऱ्या आकड्यावर.

पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांत किती अंतर पडू शकतं याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांतले साधारण ७ लाखच बाहेर पडले होते, बाकीचे वितळवले. पुढच्या वर्षी हत्तीची सोंड दुरुस्त झाली. म्हणजे टांकसाळीच्या वहीत ९४ लाख आणि जगात ७ लाख, आणि त्यातूनही सोनाराच्या मुशीत गेले ते वेगळेच.

मुशीची गोष्ट लिंबायतमध्ये जास्त कळते. १९४० च्या आधीचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि सुमारे ९१.७ टक्के चांदीचा, म्हणजे साडेदहा ग्रॅमहून थोडी जास्त चांदी. खानदेशातून आलेल्या कुटुंबांत असे राणीछाप, राजाछाप पाच-दहा रुपये लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजून निघतात. काहींच्या आज्यांच्या गळ्यात ते माळ होऊन होते, कडी डाग लावून जोडलेली. अशी कडी लागलेलं नाणं संग्राहक सहसा घेत नाही आणि घेतलंच तर चांदीच्या भावाने. चांदी २०२४ च्या शेवटाकडे किलोला लाखाच्या घरात गेली आणि २०२५ मध्ये त्याच्या बरीच पुढे. लाखाचा दर धरला तरी त्या रुपयातली चांदीच हजाराहून अधिक होते. लग्न किंवा आजारपण निघालं की रुपये सराफाकडे जातात, तराजूवर चढतात आणि वर्ष कोणतं, टांकसाळ कोणती हे न बघताच वितळतात. जरीच्या धंद्यामुळे सुरतेला चांदीचं गिऱ्हाईक तसंही कायमचं. तेव्हा चांदी महागली की साध्या वर्षाच्या नाण्यांचा पुरवठा घटतो आणि त्यात एखादं दुर्मिळ वर्षही नकळत जातं.

सरकारनेही हेच केलं आहे, फार मोठ्या प्रमाणावर. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणून ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त असा चौधातूचा रुपया काढला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी १९५७ मध्ये परत करायची होती, तेव्हा हे रुपये चलनातून गोळा करून अलीपूरच्या कारखान्यात त्यांतली चांदी वेगळी काढली. गंमत अशी की पुढे स्मारक नाण्यांसाठी वर्षानुवर्षं हीच चौधातू, याच प्रमाणात वापरली गेली: ३५ ग्रॅम वजन, ४४ मिलिमीटर व्यास आणि आत साडेसतरा ग्रॅम चांदी. लाखाच्या दराने साडेसतराशे रुपये. एवढा तळ त्या नाण्याला धातूमुळेच मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीचं २०२४ मधलं नाणं तर ४० ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध चांदीचं. अशा नाण्याचा भाव वाढला की तो दुर्मिळतेमुळे वाढला की चांदीमुळे, हे वेगळं काढल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत नाण्यांनी किती परतावा दिला याच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांतल्या बहुतेक चांदीच्याच कथा आहेत.

शिवकालीन नाण्यांकडे वळलं की या तीन आकड्यांचा खेळ आणखी उघड होतो. शिवरायांचा सोन्याचा होन बोटांवर मोजण्याइतका उरला आहे आणि मागणी अफाट. परिणामी बाजारात खऱ्यापेक्षा खोटेच होन जास्त फिरतात. तांब्याची शिवराई मात्र पेशवाईत आणि त्यानंतरही अनेक ठिकाणच्या टांकसाळींतून इतकी पाडली गेली की तीच श्रद्धा, तोच राजा, तीच ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं असूनही साधी दुदांडी शिवराई शाळेतला मुलगाही घेऊ शकतो. ही नाणी शंभर वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. जुन्या भारतीय नाण्यांचा देशातला साठा त्यामुळे देशातच अडून राहतो, हीसुद्धा पुरवठ्याचीच बाब.

सुरतेची स्वतःची साक्षही याच बाजूची आहे. मोगलांची इथली टांकसाळ मोठी होती, बंदरात उतरलेली परदेशी चांदी इथे रुपयात बदलत असे आणि नाण्यांवर ‘बंदर मुबारक सुरत’ असा मजकूर येई. पुढे कंपनी सरकारने शाह आलमच्या नावाचा सुरती रुपया ४६ हे जुलूसवर्ष, म्हणजे राज्यारोहणापासूनचं वर्ष, गोठवून वर्षानुवर्षं पाडला. तो रुपया वयाने सव्वादोनशे वर्षांच्या आसपासचा आहे, तरी भरपूर उपलब्ध असल्यामुळे त्याला फार मोठा भाव येत नाही. जुनं आणि दुर्मिळ या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी त्याच्यावरून पटावं.

मागणी कुणाची

मागणीचे निदान तीन थर आहेत. पहिला, मालिका पूर्ण करणाऱ्यांचा. अशा संग्राहकाला प्रत्येक वर्ष, प्रत्येक टांकसाळ हवी असते आणि रिकामी खाच त्याला झोपू देत नाही. ही मागणी संख्येने लहान पण हट्टी. दुसरा थर भावनेचा: १९९९ मध्ये निघालेलं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं आणि ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं नाणं, जैन घरांत २००१ चं महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकाचं पाच रुपयांचं. ही मागणी मोठी असते, पण एका नाण्यावर भागते. लिंबायतच्या घरात शिवाजी महाराजांचं एक नाणं देव्हाऱ्यात गेलं की दुसऱ्याची गरज उरत नाही. ती नाणी चलनात भरपूर आल्यामुळे भावही फारसा हलला नाही. तिसरा थर गुंतवणूकदाराचा. तो नाणं विकण्यासाठीच घेतो.

हा तिसरा थर सगळा हिशोब बिघडवतो, असं माझं मत आहे. नाणं बाहेर पडतं त्या महिन्यात त्याची खरेदी मागणीसारखी दिसते, नोंदणी भरते, ‘संपलं’ अशी पाटी लागते. प्रत्यक्षात ती उद्याची आवक असते, चाळीत भरलेल्या कांद्यासारखी: भाव चढला की चाळी उघडतात आणि चढलेला भाव बसतो. ज्या मर्यादित मालिकांच्या खरेदीत असे साठे मोठे, त्यांत संख्या कितीही कमी असली तरी भावाला वरून झाकण बसलेलं असतं. उलट जी नाणी कुणी जपण्याच्या लायकीची मानलीच नाहीत, वापरून झिजली, चिल्लर म्हणून पुढे सरकली, त्यांचा कोरा नमुना पुढे दुर्मिळ होतो. ब्रिटनमधलं क्यू गार्डन्सचं २००९ चं पन्नास पेन्सचं नाणं या प्रकारचं. २ लाख १० हजार पाडलेलं, चलनातच सोडलेलं, आणि आकडा लोकांना उशिरा कळल्यावर एकदम मागणी उसळलेलं. ते ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून विकलं गेलंच नव्हतं.

मतं कुठे विभागली आहेत

मुख्य वाद टांकसाळीच्या धोरणाचा आहे. एक बाजू म्हणते, ठरावीक मुदतीत जितकी नोंदणी होईल तितकी नाणी पाडा, प्रत्येक हौशी माणसाला मूळ किमतीत मिळू द्या. स्मारक नाणं हे राष्ट्राचं स्मरण आहे, त्याचा सट्टा का व्हावा? या पद्धतीचा लाभ लिंबायतसारख्या ठिकाणच्या संग्राहकाला सर्वांत जास्त, कारण पंधरवड्याच्या पगारातून दोन-चार हजार बाजूला काढणाऱ्याला वाढीव भावाने व्यापाऱ्याकडून घेणं परवडत नाही. दुसरी बाजू म्हणते, मागाल तितकं दिलं तर जपण्यात काय राहिलं? नोंदणी करणाऱ्या सगळ्यांची गरज पहिल्याच दिवशी भागली, तर नंतर विकत घेणार कोण? मग नाण्याला चांदीचा भाव येईल, कलेचा आणि इतिहासाचा येणार नाही. यांना आकडा आधी जाहीर केलेला, क्रमांक दिलेला, पुन्हा कधीही न वाढणारा हवा.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण दोघांनाही एक इतिहास अडचणीचा जातो. मुंबई आणि कोलकात्याच्या टांकसाळी कितीतरी वर्षं ब्रिटिशकालीन जुने ठसे वापरून संग्राहकांच्या मागणीनुसार नव्या प्रती पाडून देत असत. १९७० च्या सुमारास ते थांबलं. त्या प्रती आज बाजारात आहेत, मूळ प्रूफपेक्षा कमी भावात विकल्या जातात आणि कधी मूळ म्हणूनही खपवल्या जातात. म्हणजे मागणीप्रमाणे पाडणं निरुपद्रवी नसतं. आणि ‘पुन्हा पाडणार नाही’ या शब्दावरचा विश्वासही कायद्याने नव्हे, टांकसाळीच्या वागणुकीनेच मिळतो.

दुसरा वाद व्यापाऱ्यांचा. नोंदणी खुली झाली की घरच्या सगळ्यांच्या नावाने सेट उचलायचे, हातात आल्याबरोबर चढ्या दराने विकायचे, या प्रकाराला संग्राहक उघड साठेबाजी म्हणतात. व्यापारी सांगतात की भांडवल ते अडकवतात, महिनोन्‌महिने वाट ते बघतात, पडेल नाण्याचा तोटाही तेच सोसतात, आणि ज्याला आठ वर्षांपूर्वीचा सेट आज हवा आहे त्याला तो त्यांच्याकडेच मिळतो. मला व्यापाऱ्यांचं म्हणणं अर्धं पटतं. बाजाराला कायम माल ठेवणारा कुणीतरी लागतो. पण विक्रीचा भाव ते काचेवर लिहितात, खरेदीचा भाव मात्र नाणं हातात घेऊन, उलटंसुलटं करून, जरा थांबून सांगतात. त्या दोन भावांतलं अंतर हीच बाजाराची खरी तब्येत. स्मारक नाण्यांत ते अंतर पुष्कळ असतं.

तिसरा मुद्दा दर्जाचा. अमेरिकन कंपन्या नाणं तपासून, ७० पैकी गुण देऊन, प्लास्टिकच्या बंद पेटीत परत पाठवतात. या गुणपद्धतीचं मूळ १९४९ मध्ये विल्यम शेल्डनने केलेल्या मांडणीत आहे. भारतातही या पेट्यांना मान मिळू लागला आहे. समर्थकांच्या मते त्यामुळे खोटं नाणं बाहेर पडतं आणि दूर बसलेला माणूस विश्वासाने खरेदी करतो. विरोधकांचा आक्षेप वेगळा आहे: हजारो एकसारखी, टांकसाळीतून थेट आलेली नाणी घ्यायची, त्यांतल्या ७० गुणांच्या पेट्या वेगळ्या करायच्या आणि साध्या पुरवठ्यातून एक कृत्रिम दुर्मिळता तयार करायची. अशा वेळी माणूस विकत घेतो ती चिठ्ठी. जुन्या, हाताने ठोकलेल्या होन-शिवराईला ही मोजपट्टी बसत नाही, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे.

अफवेचा भाव

लिंबायतमध्ये या सगळ्या वादांपेक्षा जास्त नुकसान केलं आहे ते एका पाच रुपयांच्या नाण्याने. श्री माता वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाला २०१२ मध्ये पाच आणि दहा रुपयांची नाणी चलनात आली. पाच रुपयांचं नाणं पिवळसर, निकेल-पितळेचं, सहा ग्रॅमचं, एका बाजूला देवी. चहाच्या टपरीवरच्या गल्ल्यात ते अजून सापडतं. या नाण्याला लाखो रुपये मिळतात असे निरोप आणि व्हिडिओ फिरू लागले आणि लोकांनी ते बाजूला काढायला सुरुवात केली. हाच प्रकार ७८६ आकड्याच्या नोटांचा आणि इंदिरा गांधींच्या जुन्या पाच रुपयांच्या नाण्याचा. भुसारी दुकानदार गल्ला मोजताना वैष्णोदेवीचं नाणं आलं की ते वेगळ्या डबीत टाकतो आणि डबी रिकामी करण्याची वेळ काही येत नाही.

फसवणुकीची रीत ठरलेली असते. फोनवर भाव पक्का होतो, मग नोंदणी शुल्क, मग कर, मग रिझर्व्ह बँकेचं म्हणून खोटं ना-हरकत पत्र आणि त्याचे पैसे. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, असं कोणतंही शुल्क ती घेत नाही आणि कुणाला घेण्याचा अधिकारही दिलेला नाही. तरी निरोप थांबलेले नाहीत. अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर इथे मागणी नाहीच. आहे ती फक्त विकण्याची इच्छा आणि तिला मागणी समजणारी माणसं. इंटरनेटवर कुणी पाच रुपयांच्या नाण्यावर पाच लाखांची किंमत टाकली तर तो भाव झाला असं होत नाही. सौदा झाला तरच भाव. लिलावात हातोडा पडल्यानंतरचा आकडा आणि विक्रेत्याने लावलेली किंमत यांत फरक करायला शिकवणं, एवढं एकच काम नाणेसंग्राहक मंडळांनी केलं तरी बरंच साधेल.

अजून न सुटलेलं

सर्वांत मोठी अडचण आकड्यांची आहे. बऱ्याच स्मारक मालिकांच्या प्रूफ आणि कोऱ्या सेटची नेमकी संख्या सहजासहजी हाती येत नाही, मग माहितीचा अधिकार, जुनी पत्रकं आणि व्यापाऱ्यांचे अंदाज यांची मोळी बांधावी लागते. संख्या न सांगणं हेही एक धोरण असू शकतं. पण मग ‘मर्यादित’ या शब्दावर जास्त पैसे मागता येत नाहीत, असं संग्राहक म्हणतात आणि त्यात गैर काही नाही. नाशिकजवळच्या अंजनेरीची, १९८० मध्ये स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था प्राचीन आणि मध्ययुगीन नाण्यांवर जे काम करते, त्या तोडीचं पद्धतशीर काम स्वातंत्र्योत्तर नाण्यांच्या बाजारावर अजून उभं राहायचं आहे.

दुसरा प्रश्न चांदीचा. धातूचाच भाव इतका वर गेला की स्मारक नाणं घेणारा संग्राहक आणि चांदी घेणारा गुंतवणूकदार यांच्यातली रेषा पुसली जाते. चांदी उतरली तर कोणत्या नाण्यांचा भाव टिकेल? कायदेशीर चलन असलेलं नाणं वितळवणं २०११ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा राणीछाप रुपयाची वाट या नाण्यांना नाही. ती सगळी कपाटातच राहणार आणि पुन्हा बाजारात येणार.

तिसरा प्रश्न पिढीचा. गांधीशताब्दीचे सेट ज्यांनी टांकसाळीकडून घेतले ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचे संग्रह पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वारसांकडे जातील आणि वारसांपैकी बरेच जण विकतील, त्यातही घाईने. त्याच वेळी लिंबायतच्या टपरीवर चहाचे दहा रुपये मोबाइलवर स्कॅन करून दिले जातात, आणि सुट्ट्या पैशांत वेगळं नाणं शोधण्याची सवय, जिच्यातून बहुतेक संग्राहक घडले, ती पोरांना लागण्याची संधीच कमी होत चालली आहे. आवक वाढणार हे जवळपास नक्की. नवे संग्राहक दुसऱ्या वाटेने, लिलावाच्या अ‍ॅपवरून किंवा सणाला घेतलेल्या चांदीच्या नाण्यावरून, या छंदात येतील असं काही व्यापारी सांगतात. धनत्रयोदशीला सराफाकडून लक्ष्मीचं नाणं घेणाऱ्यांपैकी किती जण पुढे टांकसाळीचा सेट नोंदवतात, हे मोजायला अजून कुणी बसलेलं नाही.